जंतांवर पाल्याचा काढा : भरवसा किती ठेवावा?

प्रश्न : सांगोला तालुक्यात आमचे वडिलोपार्जित मेंढपाळीचे काम आहे. लहानमोठी मिळून साठ मेंढरे आहेत. बहुतेक दख्खनी, थोडी माडग्याळ. दर पावसाळ्यात दोन-तीन वेळा सगळ्या कळपाला अल्बेंडाझोल हे जंतनाशक पाजतो. तरीही गेल्या वर्षी गणपतीनंतर आठ मेंढ्या खंगल्या, जबड्याखाली पाणी उतरले आणि तीन दगावल्या. आमच्या आत्या कडुनिंबाचा पाला आणि पळसपापडी यांचा काढा द्यायला सांगतात. वाड्यावरचे एक जाणते मेंढके मोरचूद आणि तंबाखूचे पाणी पाजा म्हणतात. रविवारच्या बाजारात एक जण ‘शंभर टक्के वनस्पती अर्क’ अशी चिठ्ठी लावलेली बाटली विकतो. रासायनिक औषध बंद करून केवळ वनस्पतींवर कळप सांभाळता येईल का? शेजारच्या डाळिंब बागेतील साल आणि पाला चालेल का?

— एक तरुण मेंढपाळ, ता. सांगोला

उत्तर : केवळ वनस्पतींवर कळप सांभाळता येईल का, या प्रश्नाचे माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. मात्र वनस्पतींचा उपयोग अजिबात नाही असा त्याचा अर्थ नव्हे. त्या कोठे उपयोगी पडतात आणि कोठे घात करतात, हे कळण्यासाठी आधी तुमच्या मेंढ्या कशाने दगावल्या असाव्यात ते पाहू.

गणपतीनंतरचा काळ, झपाट्याने खंगणे आणि जबड्याखाली उतरलेले पाणी ही खूण बरीच बोलकी आहे. तुम्ही हगवणीचा उल्लेख केलेला नाही; तो अनवधानाने राहिला नसेल, तर पहिला संशय हिमॉन्कस कॉन्टॉर्टस या जंतावर जातो. आपण सरसकट ‘आतड्यातले जंत’ म्हणत असलो तरी हा जंत मेंढीच्या चौथ्या कोठ्यात राहतो आणि तेथील अस्तराला चिकटून रक्त पितो. एक जंत दिवसाला सुमारे ०.०५ मिली रक्त घेतो असे मानले जाते. हे थेंबभरही नाही असे वाटेल, पण पोटात असे हजार जंत असले तर रोजचे ५० मिली रक्त जाते आणि ३० किलोच्या मेंढीच्या अंगात मुळात दोन लिटरांच्या आसपासच रक्त असते. रक्ताबरोबर प्रथिने जातात, म्हणून जबड्याखाली पाणी साचते. दिवसभर मान खाली घालून चरलेली मेंढी संध्याकाळी वाड्यावर येते तेव्हा ही सूज ठळक दिसते आणि सकाळपर्यंत बरीच ओसरते. त्यामुळे सकाळी वाघर, म्हणजे मेंढरांभोवतीचे जाळ्याचे कुंपण, उघडताना पाहणाऱ्याच्या ती नजरेतून सुटते; कळप संध्याकाळी तपासावा.

या जंताची मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. उबदार आणि ओलसर हवेत आठवडाभरात लेंड्यांतून अळ्या तयार होतात आणि दवाच्या ओलीवरून गवताच्या पात्यावर चढतात. त्या पोटात गेल्या की सुमारे तीन आठवड्यांत मोठ्या होऊन पुन्हा अंडी घालू लागतात. सोलापूरच्या उन्हाळ्यात रानातील अळ्या मोठ्या प्रमाणावर मरतात. पण आपल्याकडे सप्टेंबरात पावसाचा जोर असतो, आणि जुलैपासून साठत आलेली अळ्यांची फौज नेमकी तेव्हा भरात येते. तुमचे नुकसान गणपतीनंतर झाले याचे मला म्हणूनच नवल वाटले नाही.

एक शंका मात्र फेडून घ्या. कळप उजनीच्या फुगवट्याकडे, कालव्याच्या पाझरावर किंवा तळ्याच्या काठाला चरत असेल, तर यकृतातील चपट्या कृमीनेही, म्हणजे लिव्हर फ्लूकनेही, नेमकी हीच लक्षणे दिसतात. त्याचा प्रसार पाण्यातील गोगलगायींमार्फत होतो आणि त्याची औषधे वेगळी असतात. लेंड्या तपासल्याशिवाय, किंवा दगावलेल्या मेंढीचे पोट आणि यकृत पशुवैद्यकाने उघडून पाहिल्याशिवाय, हा भेद कळत नाही. यापुढे मेंढी दगावली तर पुरण्यापूर्वी डॉक्टरांना बोलवावे.

आता अल्बेंडाझोलचे पाहू. औषध लागू न पडण्याची दोन कारणे असतात आणि दोन्ही एकाच वेळी असू शकतात. पहिले कारण म्हणजे अपुरी मात्रा. डोळ्यांच्या अंदाजाने सर्वांना सारखेच औषध पाजले की थोराड माडग्याळ मेंढीला ते कमी पडते, आणि त्या कमी मात्रेतून तगलेले जंतच पुढची पिढी घालतात. दोन-चार मेंढ्या काट्यावर तोलून, गटातील सर्वांत वजनदार मेंढीच्या हिशेबाने त्या गटाची मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. दुसरे कारण म्हणजे जंतांनी औषध पचवायला शिकणे. ही गोष्ट आजची नाही. अल्बेंडाझोलच्याच कुळातील थायाबेंडाझोल हे औषध १९६१ मध्ये बाजारात आले आणि त्यानंतर काही वर्षांतच त्याला दाद न देणारे हिमॉन्कस आढळले. वर्षातून दोन-तीन वेळा संपूर्ण कळपाला एकच औषध देत राहणे हा असे जंत तयार करण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. येथे अनेक जण फसतात ते असे : अल्बेंडाझोल चालत नाही म्हणून दुकानातून फेनबेंडाझोल आणतात. दोन्ही एकाच कुळातील असल्याने जो जंत एकाला पुरून उरतो तो सहसा दुसऱ्यालाही पुरून उरतो. लेव्हामिसोल, आयव्हरमेक्टिन आणि क्लोसँटेल ही वेगळ्या कुळांतील औषधे आहेत. त्यांपैकी कोणते वापरायचे हे पशुवैद्यकाने ठरवावे, कारण लेव्हामिसोलसारख्या औषधात योग्य मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार नसते.

रासायनिक म्हणजे वाईट आणि झाडपाल्याचे म्हणजे निर्धोक ही विभागणी मला मुळातच मान्य नाही. आयव्हरमेक्टिनचे मूळ जपानच्या मातीत सापडलेल्या एका जिवाणूत आहे. त्या शोधासाठी विल्यम कॅम्पबेल आणि सातोशी ओमुरा यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्याच पारितोषिकाचा दुसरा अर्धा भाग तू यूयू यांना आर्टेमिसिया कुळातील वनस्पतीतून मलेरियावरील औषध काढल्याबद्दल मिळाला. दोन्हींचे मूळ निसर्गातच होते, पण दोन्ही कामास आली ती त्यांतील नेमका घटक शोधून, त्याची मात्रा ठरवून आणि ती तपासून घेतल्यानंतर. आत्यांच्या काढ्यात उणीव आहे ती याच गोष्टींची.

कडुनिंबाचेच घ्या. प्रयोगशाळेतील काचेच्या बशीत त्याच्या पानांचा किंवा बियांचा अर्क अंडी आणि अळ्या मारतो, हे अनेकदा दिसले आहे. परंतु बशीत अर्क थेट अळीच्या अंगावर पडतो. मेंढीला पाजलेला काढा आधी कित्येक लिटरच्या पहिल्या कोठ्यात मिसळून विरळ होतो, तेथील सूक्ष्मजीव त्यातील बरेच घटक मोडून टाकतात आणि जे उरते ते चौथ्या कोठ्यातील जंतापर्यंत पोहोचते. त्यामुळे जिवंत मेंढ्यांना कडुनिंब देऊन केलेल्या प्रयोगांत कधी थोडा गुण दिसला, तर कधी काहीच दिसला नाही. शिवाय एका झाडाचा पाला दुसऱ्यासारखा नसतो. वैशाखातील पाला आणि श्रावणातील पाला यांतही फरक पडतो. घरी उकळलेल्या काढ्यात औषधी घटक किती उतरला हे कोणालाच सांगता येत नाही. लसणाचीही गत साधारण अशीच आहे.

पळसपापडी, म्हणजे पळसाच्या बिया, यांचा दावा अधिक भक्कम आहे. आयुर्वेदात त्या कृमींवर फार पूर्वीपासून सांगितल्या आहेत. पाकिस्तानात मेंढ्यांवर झालेल्या एका अभ्यासात वजनाच्या किलोमागे ३ ग्रॅम बियांची पूड दिल्यावर दहाव्या दिवशी लेंड्यांतील अंड्यांची संख्या सुमारे ७८ टक्क्यांनी घटली. हा आकडा चांगला वाटतो, पण त्याचा हिशेब मांडून पाहा. ३० किलोच्या मेंढीला एका वेळी ९० ग्रॅम पूड लागेल. साठही मेंढरे त्या वजनाची धरली तर पाच किलोंहून अधिक. एवढी पूड पाण्यात कालवून नळीने पाजताना ठसका लागून फुप्फुसात जाण्याचा धोका वेगळाच. आणि चांगल्या औषधाकडून अंडी ९५ टक्क्यांहून अधिक घटण्याची अपेक्षा असते, त्या मापाने ७८ टक्के कमीच पडतात. ज्या मेंढीच्या पोटात हजार जंत आहेत तिच्या पोटात दोनशे उरले तरी ती वाचेल, पण रानात अंडी पडतच राहतील. दुसरी गोष्ट, पळसाच्या बियांतील पॅलासोनिन हा घटक जास्त झाल्यास मूत्रपिंडाला अपाय करणारा आहे. पळसपापडी आणि वावडिंग या दोन्हींचा गर्भधारणेवर विपरीत परिणाम होत असल्याचे प्रयोगशाळेतील प्राण्यांत दिसले आहे. त्यामुळे मेंढा लागलेल्या किंवा गाभण मेंढ्यांना यांपैकी काहीही देऊ नये. याबाबत अल्बेंडाझोलही निर्दोष नाही, तेही गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात टाळावे लागते.

पपईच्या चिकावर मी थोडा आशावादी आहे, कारण त्यातील प्रथिने पचवणारी विकरे जंताचे बाहेरचे आवरणच विरघळवतात, आणि ही मारण्याची रीत आजच्या कोणत्याही औषधापेक्षा वेगळी आहे. मेंढ्यांवरील प्रयोगांतही तिचा गुण दिसला आहे. परंतु कच्चा चीक तोंडाला आणि पोटाला दाहक असतो. त्याचे प्रमाणित औषध दुकानात मिळू लागेपर्यंत घरी हा उद्योग करू नये.

मोरचूद आणि तंबाखूबद्दल मात्र मला कठोरपणे लिहावे लागेल. वाड्यावरचे ते जाणते मेंढके खोटे सांगत नाहीत. मोरचूद आणि निकोटिन यांचे मिश्रण एकेकाळी परदेशांतही मेंढ्यांना जंतांवर पाजले जात असे. सुरक्षित औषधे आल्यावर ते मागे पडले. मोरचूद हा तांब्याचाच क्षार, आणि तांब्याच्या बाबतीत सर्व पाळीव जनावरांत मेंढी सर्वांत नाजूक असते. गाईला जे तांबे सहज पचते ते मेंढीच्या यकृतात साठत राहते. कित्येक आठवडे, कधी महिने, बाहेरून काहीच दिसत नाही. मग लांबचा प्रवास, उपासमार किंवा पावसात भिजणे असे काही निमित्त होते आणि साठलेले तांबे एकदम रक्तात उतरते. डोळे पिवळे होतात, लघवी कॉफीसारखी लालसर-काळी होते आणि एक-दोन दिवसांत मेंढी जाते. त्या वेळी महिनाभरापूर्वी पाजलेले मोरचूद कोणाच्याही ध्यानात राहत नाही, आणि दोष नव्या चाऱ्यावर किंवा कोणाच्या दृष्टीवर जातो. तंबाखूच्या पाण्यातील निकोटिन तर तासाभरात मारू शकते. ही दोन्ही पूर्णपणे बंद करा.

हाच धागा डाळिंबाच्या बागेपर्यंत जातो. डाळिंबाच्या मुळाच्या सालीतील अल्कलॉइडे पूर्वी माणसांतील पट्टकृमींवर वापरली जात, त्यामुळे तुमचा प्रश्न निराधार नाही; पण ती विषारी असल्याने मूळ आणि खोडाची साल वर्ज्यच समजा. फळाच्या सालीत टॅनिन हा तुरट घटक भरपूर असतो आणि एरवी तिचा विचार करता आला असता. अडचण फवारणीची आहे. आपल्या जिल्ह्यात तेल्या रोगाने बागायतदारांच्या नाकी नऊ आणले आहेत आणि त्यावर बोर्डो मिश्रण व तांब्याची इतर औषधे वरचेवर फवारली जातात. बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुनाच. छाटणीनंतर बांधावर पडलेल्या फांद्यांच्या पानांवर निळसर-पांढरे डाग दिसतात, ते हेच. झाडाखालच्या गवतावरही ते उतरलेले असते. कीटकनाशके आणखी वेगळी. शेजाऱ्याने कितीही प्रेमाने बोलावले तरी फवारलेल्या बागेत कळप शिरू देऊ नका, आणि छाटणीचा पालाही आणू नका.

मग वनस्पतींचा खरा उपयोग कोठे? माझ्या मते काढ्यापेक्षा चाऱ्यात. टॅनिन मध्यम प्रमाणात असलेला पाला मेंढी नियमित खात असेल तर जंतांची अंडी घालण्याची शक्ती काहीशी मंदावते आणि चाऱ्यातील प्रथिने पहिल्या कोठ्यात वाया न जाता पुढे जाऊन मेंढीच्या अंगी लागतात. अमेरिकेत लेस्पेडेझा आणि युरोपात सेनफॉइन या चारापिकांवर असे बरेच काम झाले आहे, आणि बरेलीच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेतही टॅनिनयुक्त झाडपाल्याच्या मिश्रणांवर काम झाले आहे. आपल्या माळरानावर यासाठी बाभूळ आणि बोर आहेतच. तुमचे वडील आकडीने बाभळीचे डहाळे पाडून मेंढरांपुढे टाकत असतील, तर ती रीत सोडू नका. पावसाळ्यात उलट वाढवा. त्यात दुहेरी लाभ आहे, कारण डहाळा चघळणारी मेंढी तेवढा वेळ जमिनीलगतच्या अळ्यांनी भरलेल्या गवताला तोंड लावत नाही. अति मात्र नको. टॅनिन फार झाले की मेंढी चारा खाणेच कमी करते; म्हणून पाला पोटभर न देता इतर चाऱ्याच्या जोडीला द्यावा. त्यासोबत शेंगदाणा पेंड किंवा तुरीची चुणी मूठ-दोन मूठ मिळाली, तर व्यायला आलेल्या आणि दूध पाजणाऱ्या मेंढ्यांना ती आधी द्या. विण्याच्या सुमारास मेंढीची जंतांशी झुंजण्याची ताकद घटते, तिच्या लेंड्यांत अंडी वाढतात आणि त्याचा पहिला फटका कोकरांना बसतो.

औषध मात्र सगळ्या कळपाला पाजू नका. एका कळपातील बहुसंख्य जंत थोड्याच मेंढ्यांच्या पोटात असतात. त्या ओळखण्यासाठी दक्षिण आफ्रिकेत फमाचा नावाचा रंगांचा तक्ता तयार झाला. उजेडात मेंढीच्या वरच्या पापणीवर अंगठ्याने हलका दाब द्यायचा, खालची पापणी ओढायची आणि आतील अस्तराचा रंग पाहायचा. गडद लाल असेल तर मेंढी ठीक. फिकट गुलाबी झाला की सावध. पांढराफटक असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांनी ठरवलेले औषध, काढा नव्हे. पावसाळ्यात हे दर पंधरवड्याला करावे. साठ मेंढरांना सरावाच्या हाताला तासाहून जास्त वेळ लागत नाही. ज्यांना औषध दिले नाही त्यांच्या पोटातील औषधाला बळी पडणारे जंत रानात आपली अंडी टाकत राहतात, त्यामुळे औषध पचवणाऱ्या जंतांचेच राज्य होत नाही. याच कारणासाठी, ऐन उन्हाळ्यात रान निर्जंतुक झालेले असताना सगळ्या कळपाला एकदम औषध पाजण्याची पद्धतही मला पटत नाही. फमाचा फक्त रक्त पिणाऱ्या जंतांपुरता उपयोगी आहे. हगवण, पट्टकृमी किंवा कोकरांतील कॉक्सिडिया (आतड्यातील सूक्ष्म परजीवी) त्यातून कळत नाहीत.

आत्यांचा काढा आजमावून पाहायचाच असेल तर तो नीट आजमावा. पापण्या लाल असलेल्या, गाभण नसलेल्या आणि सारख्या वयाच्या वीस मेंढ्या निवडा. दहांना काढा द्या, दहांना देऊ नका, आणि सर्वांना एकाच रानात चारा. काढा देण्याच्या दिवशी आणि त्यानंतर दहा ते चौदा दिवसांनी प्रत्येकीच्या गुदद्वारातूनच ताज्या लेंड्या घ्या, वेगवेगळ्या पिशव्यांवर कानातील बिल्ल्याचा क्रमांक लिहा आणि थंड ठेवून त्याच दिवशी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा सोलापूरच्या जिल्हा पशुसर्वचिकित्सालयात द्या. उन्हात राहिलेल्या पिशवीत अंडी उबतात आणि मोजणी चुकते. काढा न दिलेल्या दहा मेंढ्या कशाला, असे तुम्हाला वाटेल. पाऊस उघडला आणि रान वाळले की अंडी आपोआपही घटतात. दुसरा गट नसेल तर ते श्रेय काढ्याला जाते. अल्बेंडाझोलची परीक्षाही हीच. या कामात मार्गदर्शन लागले तर शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाकडे विचारणा करावी.

बाजारातून आणलेली नवी मेंढी थेट कळपात सोडू नये, कारण औषध पचवणारे जंत बऱ्याचदा अशाच वाटेने येतात. तिला वेगळ्या वाघरीत ठेवून, डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध देऊन आणि लेंड्या तपासून मगच मिसळावी.

राहिली बाजारातली बाटली. तिच्यावर कोणत्या वनस्पतीचा कोणता भाग किती प्रमाणात आहे, उत्पादन परवान्याचा क्रमांक, तुकडी क्रमांक आणि मुदत यांपैकी काय काय छापले आहे ते पाहा. विक्रेत्याला एवढेच विचारा की ही गाभण मेंढीला चालते का आणि किलोमागे मात्रा किती. दोन्हींची उत्तरे छापील मिळाली, तर बाटली तुमच्या डॉक्टरांना दाखवून वर सांगितलेल्या वीस मेंढ्यांवर आजमावायला हरकत नाही. ती मिळाली नाहीत, तर त्याच पैशांत पेंड घ्यावी.